कापूस गेला, पैसा पेठेत राहिला

खामगाव, कारंजा, अकोला, अमरावती. वऱ्हाडातल्या या कापूसपेठा दीडशे वर्षं पैसेवाल्या म्हणून ओळखल्या गेल्या आणि त्यांच्या आसपासची खेडी तेवढीच वर्षं कर्जात राहिली. दुष्काळ आणि नापिकी यांची कारणं सगळेच सांगतात. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते बाजार कसा बसवला गेला, हे.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इथले भाव भडकले. १८६७ ला मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला कापसासाठी फाटा टाकला गेला. यादवी संपताच भाव कोसळले, पण भर भावात काढलेलं सावकाराचं कर्ज काही उतरलं नाही. ज्वारीच्या वावरात कापूस शिरला होता, दाणा विकत घ्यावा लागत होता. १८९९-१९०० च्या दुष्काळात याच श्रीमंत मुलखात शेतमजूर भुकेनं मेले.

कारंज्याला १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगावंच. पण १८९७ च्या वऱ्हाड बाजार कायद्यानं ज्या समित्या नेमल्या, त्यांत व्यापारी आणि नगरपालिकेची माणसं होती. कापूस पिकवणाऱ्याला तिथं जागा नव्हती. बाजाराचं उत्पन्नही नगरपालिकेकडे जाई. म्हणजे रात्रभर बंडी हाकत आलेल्या शेतकऱ्याच्या मालावर शहर उभं राहिलं, आणि त्याच्या गावचा रस्ता चिखलातच राहिला. हा अन्याय नियमात लिहून झाला होता.

१९७२ च्या एकाधिकार कापूस खरेदीनं, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायच्या योजनेनं, अडत्याला बाजूला सारलं. मात्र चुकारे, म्हणजे मालाचे पैसे, रखडू लागले, तसा अडलेला शेतकरी पुन्हा गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याकडे वळला.

२००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंतच होती. विदर्भात चार हेक्टर कोरडवाहू जमीन असलेला माणूसही गरीबच असतो, आणि असे पुष्कळ जण पूर्ण माफीतून वगळले गेले.

या सगळ्या हिशेबात वेचणाऱ्या बाया कुठंच नाहीत. कमरेच्या ओटीत दिवसभर कापूस भरायचा, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून घ्यायची. सांजेला धुऱ्यावर काटा होतो आणि मजुरी किलोवर मिळते. कापसाचा भाव चढला म्हणून वेचाई त्याच मापानं चढत नाही. कर्जमाफी मिळते ती पीककर्जावर, आणि पीककर्ज सातबाऱ्यावर. भूमिहीन बाईचं देणं किराणा दुकानाच्या वहीत आणि मायक्रोफायनान्सच्या हप्त्यात असतं, आणि ते या कर्जमाफीत येत नाही.