वॉर्सा आणि क्राकूव्ह: दोन्ही जुनी शहरं मध्ययुगापासून तशीच आहेत?

युरोपातल्या जुन्या पेठांचे फोटो फिरतात आणि सोबत एक ओळ असते: 'सातशे वर्षं झाली, एक वीटही हलली नाही.' पोलंडमधली दोन शहरं शेजारी ठेवली की या दाव्याची तपासणी करता येते.

वॉर्साच्या जुन्या पेठेतली बहुतेक घरं आज सत्तरेक वर्षांची आहेत. 1944 मध्ये शहरात जर्मन ताब्याविरुद्ध उठाव झाला; त्या काळात आणि त्यानंतर जर्मन सैन्याने ती पेठ जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त केली. युद्धानंतर लोकांनी ती पुन्हा उभारली. त्यासाठी युद्धापूर्वीची मोजमापांची रेखाटनं आणि अठराव्या शतकातली शहराची तपशीलवार चित्रं वापरली. ढिगाऱ्यातले सापडले तेवढे दगड-विटाही पुन्हा बसवल्या. 1980 मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली ती या पुनर्बांधणीसाठीच. मला हे काम मूळ इमारतींइतकंच मोलाचं वाटतं.

क्राकूव्ह युद्धातून बरंचसं वाचलं. 1257 च्या सनदेनुसार आखलेला चौक आणि रस्ते आजही ओळखू येतात. पण तेही 'तसंच' नाही. चौकातला कापडबाजार 1555 च्या आगीनंतर नव्या शैलीत बांधला गेला. एकोणिसाव्या शतकात तटबंदीचा बहुतेक भाग पाडून तिथे बाग केली.

स्वतः पडताळायचं असेल तर त्या जागेचे 1945 चे फोटो शोधा, मग वारसा यादीतली तिची नोंद वाचा. वॉर्साच्या नोंदीत पुनर्बांधणीचा उल्लेख स्पष्ट आहे.