शेकोटीच्या कुंडावर पाणी ओतू नका
(मागच्या अंगणात हिवाळी बैठक करून घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या ग्राहकांसाठी)

डिसेंबर-जानेवारीत येणारी तक्रार ठरलेली असते : "कुंडाची वीट तडकली." आमचा प्रश्नही ठरलेला : रात्री उठताना पाणी ओतलं का? उत्तर बहुतेक वेळा "थोडंसंच" असं येतं.

थोडंसंही पुरतं. निखाऱ्यांखालची वीट काहीशे अंशांवर तापलेली असते. गार पाण्याने तिचा वरचा थर एकदम आकसतो, आतला भाग तसाच फुगलेला राहतो आणि वीट चिरते. वर वाफेबरोबर गरम राख तोंडावर उडते ती वेगळीच. अशी वीट बदलायची तर शेजारच्या दोन-तीन काढाव्या लागतात, नवी जोडाई वाळवावी लागते, आणि ऐन थंडीत कुंड आठवडाभर बंद राहतं. म्हणून पाण्याने तडकलेली वीट आम्ही फुकट बदलून देत नाही. हे काम देतानाच सांगतो, तरी इथे पुन्हा लिहितो.

विझवायची रीत सोपी आहे. उठण्याआधी पाऊण तास नवं लाकूड घालणं थांबवा. निखारे चिमट्याने पसरवा, वर दोन इंच राख किंवा कोरडी वाळू टाका, पत्र्याचं झाकण ठेवा. पाण्याची बादली जवळ असावीच, पण ती ठिणगी बाहेर पडली तर वापरायला. सकाळची राख लगेच घंटागाडीत देऊ नका, तिच्यात निखारा जिवंत असू शकतो. लोखंडी घमेल्यात एक-दोन दिवस राहू द्या. तळाशी इंचभर राख मात्र ठेवा, आर (निखाऱ्यांची धग) जास्त वेळ टिकतो.

पावसाळ्यानंतरची पहिली शेकोटीही याच कारणाने जपून. चार महिने विटेत ओल मुरलेली असते. पहिल्याच दिवशी मोठा जाळ केला तर आतल्या पाण्याची वाफ वाट काढते आणि पापुद्रे उडतात. पहिले तीन दिवस फक्त काड्यांचा जाळ करा, अर्ध्या तासापासून वाढवत न्या. शोभेसाठी नदीतले गोटे आत मांडू नका, ओल धरलेला गोटा तापल्यावर फुटून अंगावर येतो.

"गवंडी लाल विटा आणि सिमेंटमध्ये स्वस्तात करून देतो," असं काहीजण म्हणतात. खरं आहे, देतो. पण सततच्या जाळाने सिमेंटमधलं बांधलेलं पाणी निघून जातं आणि सांधे भुसभुशीत होतात. आम्ही आतून ९ × ४॥ × ३ इंची फायर ब्रिक (जाळ सोसणारी वीट) फायर क्लेमध्ये (तशाच मातीत) लावतो. आतला व्यास दोन फूट, खाली हवेसाठी चार भोकं, त्याखाली चार इंच खडी. बैठकीची उंची १८ इंच, कुंडाच्या काठापासून तीन फूट दूर. याहून जवळ बसलं तर गुडघे भाजतात आणि पाठ गारच राहते.

गच्चीवर किंवा टाइल्सवर पक्कं कुंड आम्ही करत नाही. उष्णतेने टाइल्स सुटतात, खालचं वॉटरप्रूफिंग जातं. तिथे पायांवर उभं राहणारं लोखंडी कुंड घ्या, खाली विटांचा कोरडा थर द्या. पत्र्याच्या शेडखाली आणि ग्रीन नेटजवळ तेही नको.

जागा ठरवताना दोन वेळा बघा. सकाळच्या उन्हात मिसळ खायची असेल तर भिंतीच्या उत्तरेला बैठक घेऊ नका : डिसेंबरात भर दुपारीही सहा फुटी कंपाउंडची सावली साडेपाच फुटांच्या वर पडते, नऊ वाजता तर त्याहून लांब. आणि संध्याकाळी सात-आठला तीन-चार दिवस उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहा. तो शेजाऱ्यांच्या खिडकीत जात असेल तर कुंडाची जागा बदला. रो हाऊसमध्ये भांडणं धुरावरूनच होतात.

लाकूड बाभळीचं किंवा बोरीचं, निदान सहा महिने वाळलेलं. ओलं लाकूड धुरकटतं, ऊब देत नाही. छाटणीच्या द्राक्षकाड्या पेटवायला उत्तम, मात्र त्यांतली तार आणि सुतळ्या काढून घ्या. प्लायवूड, रंगवलेली फळी नको. अख्खा बांबूही नको, पेरं फटाक्यासारखी फुटतात. हुरडा भाजायचा तर जाळ नको, गोवऱ्यांचा आर हवा. वाळलेली बाभूळ आणि गोवऱ्या आमच्याकडे गोणीने मिळतात.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका : उरलेले निखारे घमेल्यात भरून झोपायच्या खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला जाग येत नाही.

नवं कुंड हवं असेल तर दिवाळीच्या आधी कळवा. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आल्या की सगळ्यांचे फोन एकदमच येतात. मग जोडाई, वाळवण आणि पहिले तीन हलके जाळ होईपर्यंत संक्रांत येते.