कार्बोरेटरमधला बर्फ आणि इंधनातला वेपर लॉक

स्वतः बांधलेल्या हलक्या विमानाचे इंजिन हवेत अडखळले, वैमानिकाने ते सुखरूप उतरवले आणि लगेच काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे पत्र्याचे आवरण, उघडून पाहिले, तर पुष्कळदा आत काहीच सापडत नाही. प्लग कोरडे आणि बदामी असतात, टाकीत पेट्रोल असते, गाळणी स्वच्छ असते आणि पुन्हा चालू केल्यावर इंजिन ठणठणीत चालते. असा मागमूस न ठेवणारे बिघाड प्रामुख्याने दोन. पहिल्यात कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, घशात बर्फ जमतो आणि विमान थांबेपर्यंत इंजिनाच्या उष्णतेने वितळून जातो. दुसऱ्यात इंधनाच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि नळी निवली की तिचे पुन्हा पेट्रोल होते. बाहेरून दोन्हींची लक्षणे जवळपास सारखी दिसत असल्यामुळे एकाचे निदान दुसऱ्यावर लादले जाते, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो. कारण बर्फावरचा उपाय म्हणजे हवेला ऊब देणे आणि वाफेवरचा उपाय म्हणजे इंधनाला गारवा देणे. चुकीच्या निदानावरून काउलिंगमध्ये फेरफार केले, तर मूळ दोष बरा होण्याऐवजी बळावतो.

आधी बर्फाचे पाहू, कारण सोलापुरात त्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. अक्कलकोट रोडवरच्या आमच्या शेडमध्ये इंजिने चाचणीच्या चौकटीवर लावून चालवताना मी हा विषय काढला, तेव्हा तीस वर्षे गाड्या दुरुस्त केलेले आमचे मिस्त्री म्हणाले, “सोलापुरात कुठला आलाय बर्फ, सर?” प्रश्न रास्त होता. परंतु कार्बोरेटरमध्ये बर्फ जमण्यासाठी बाहेर थंडी असावी लागत नाही. कार्बोरेटरमधल्या व्हेंचुरी नावाच्या अरुंद भागातून हवा वेगाने जाते तेव्हा तिचा दाब आणि त्याबरोबर तापमान उतरते. त्याच जागी पेट्रोलचे तुषार वाफेत बदलतात आणि त्यासाठी लागणारी उष्णता सभोवतालच्या हवेतून आणि धातूतून खेचून घेतात. अंघोळीनंतर ओल्या अंगाला वारा लागल्यावर जी शिरशिरी येते, तिच्यामागचे कारण हेच आहे. या दोन्ही परिणामांमुळे कार्बोरेटरच्या आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा ३० अंश सेल्सिअसहून अधिक खाली जाऊ शकते. हवेत पुरेसा ओलावा असेल, तर तो थ्रॉटलच्या, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या, चकतीवर आणि आजूबाजूच्या भिंतीवर बर्फ होऊन बसतो आणि हवेची वाट हळूहळू अरुंद करतो.

बाहेरचे तापमान २१ अंशांखाली आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर असेल तेव्हा हा धोका सर्वाधिक असतो. मात्र ३८ अंश तापमानात आणि ५० टक्के आर्द्रतेतही बर्फ जमू शकतो, असे वैमानिकांच्या अमेरिकी प्रशिक्षणात शिकवले जाते. आता आपल्याकडचा सप्टेंबर आठवावा. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला असला तरी सप्टेंबर हा इथला सर्वाधिक पावसाचा महिना आहे. पहाटे पारा २२-२३ अंशांवर असतो, ज्वारीच्या पेरणीपूर्वीची जमीन ओली असते आणि हवेत इतकी आर्द्रता असते की वाळत घातलेला टॉवेल सकाळपर्यंत दमटच राहतो. थ्रॉटल जवळपास मिटवून खाली उतरणाऱ्या विमानासाठी ही परिस्थिती बर्फाला पुरेपूर अनुकूल असते, कारण मिटत आलेल्या चकतीच्या कडेने जाणारी हवा अधिकच गारठते आणि इंजिनाकडून मिळणारी ऊबही त्याच वेळी कमी झालेली असते.

वेपर लॉक मात्र इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्यांनी जुनी अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी मे महिन्यात चालवली आहे, त्यांनी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओले फडके ठेवलेले आहे. मिस्त्री लोक त्याला सर्रास एअर लॉक म्हणतात. पण एअर लॉकमध्ये सैल जोडातून बाहेरची हवा नळीत शिरलेली असते, तर वेपर लॉकमध्ये नळीतले पेट्रोलच उकळून त्याचा बुडबुडा झालेला असतो. पेट्रोल हा एकच द्रव नसून अनेक घटकांचे मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या सावलीतले तापमान ४२-४३ अंशांवर जाते, मग उन्हात उभ्या असलेल्या विमानाच्या काउलिंगखाली काय होत असेल, याची कल्पना येते. शिवाय पंप जेव्हा टाकीतून पेट्रोल ओढतो, तेव्हा पंपाच्या अलीकडच्या नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की उत्कलनबिंदूही खाली येतो. पंप द्रव पुढे ढकलण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या पोटात बुडबुडा शिरला की तो नुसता आकुंचन-प्रसरण पावतो आणि पेट्रोल पुढे जात नाही.

इंजिन चालू असताना काउलिंगमधून वारा वाहत असतो. इंजिन बंद केल्यावर तो थांबतो, आणि सिलिंडर व सायलेन्सरमध्ये साठलेली उष्णता वर चढून पंप, नळ्या आणि कार्बोरेटर यांना तापवत राहते. म्हणून दहा-पंधरा मिनिटे थांबून केलेले दुसरे उड्डाण हे पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचे असते. सर्वात घातक क्षण त्यानंतरच्या चढाईचा: इंधनाची मागणी सर्वाधिक, वेग कमी, त्यामुळे काउलिंगमधला वारा मंद, आणि खाली उतरायला जागा नाही.

या दोन बिघाडांची गल्लत आमच्याच शेडमध्ये झाली, ती सांगतो. चौकटीवर मोटारीच्या फोक्सवॅगन इंजिनावरून तयार केलेले एक इंजिन होते आणि मे महिन्यात त्याला वेपर लॉक झाला होता. तिथे आम्ही मुद्दाम पारदर्शक नळीचा तुकडा बसवला होता. इंजिन थांबवून बाराएक मिनिटांनी पुन्हा सुरू केल्यावर नळीतून आधी मोहरीएवढे आणि मग वाटाण्याएवढे बुडबुडे सरकताना दिसले, दाबाचा काटा थरथरला आणि इंजिन दोनदा ठसकून बंद पडले. पुढे सप्टेंबरात, एका पावसाळी सकाळी, तेच इंजिन मंद गतीवर बराच वेळ चालत असताना हळूहळू बसत गेले. आम्ही अनुभवी झालो होतो, त्यामुळे एका सुरात वेपर लॉक म्हणालो. नळीवर उष्णतारोधक वेष्टण चढवले आणि कार्बोरेटरला बाहेरची गार हवा मिळावी म्हणून हवेचे तोंड सायलेन्सरपासून लांब नेले. चार दिवसांनी इंजिन पूर्वीपेक्षा लवकर बसले. त्या वेळी मिस्त्रींनी सहज म्हणून कार्बोरेटरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला, असे मला वाटले. पण तो भाग माठासारखा गार होता, त्यावर दव साचून थेंब टपकत होते, आणि टॉर्च लावून घशात पाहिले तेव्हा चकतीच्या कडेला पांढरट थर दिसला. बॅटरी बदलून टॉर्च परत आणेपर्यंत त्याचे पाणी झाले होते.

त्यानंतर मी निदानाचा आधार लक्षणांच्या आवाजावर न ठेवता त्यांच्या चालीवर ठेवतो. बर्फ संथपणे येतो. स्थिर पात्यांचा प्रोपेलर असेल तर थ्रॉटल न हलवता फेरे उतरत जातात, वैमानिक नकळत थ्रॉटल थोडा पुढे सारतो, फेरे पुन्हा उतरतात, आणि इंजिन खडबडीत चालू लागेपर्यंत बराच बर्फ साठलेला असतो. वाफ धसमुसळी येते: इंजिन ठसकते, सावरते, पुन्हा ठसकते, आणि इंधनाच्या दाबाचा काटा त्याच तालावर नाचतो. बर्फ असताना हा काटा शांत असतो. म्हणून मी प्रत्येक बांधणाऱ्याला पोटतिडकीने सांगतो की, रेडिओवर खर्च करण्याआधी इंधनदाबाचे मापक बसवावे. हलक्या विमानांच्या रोटॅक्स ९१२ या इंजिनासाठी किमान दाब ०.१५ बार ठरवून दिलेला आहे. तो आकडा मापकावर रंगाने आखून ठेवावा.

दुसरी खूण कार्ब हीटची. हा नॉब पूर्ण ओढला की सायलेन्सरभोवतीच्या पत्र्याच्या वेष्टणातली गरम हवा कार्बोरेटरला मिळते. गरम हवा विरळ असल्यामुळे फेरे थोडे उतरतात, हे अपेक्षितच आहे. बर्फ असेल तर त्यानंतर काही क्षण इंजिन आणखी वाईट चालते, कारण वितळलेले पाणी सिलिंडरमध्ये जाते, आणि मग फेरे चढून पूर्वीपेक्षा वर जातात. याच काही क्षणांत घाबरून नॉब परत ढकलणारे वैमानिक आपला उपाय स्वतःच मोडतात. बर्फ नसेल तर फेरे उतरतात आणि तिथेच राहतात. नॉब अर्धवट ओढू नये. अर्धवट उबेने कोरडा, निरुपद्रवी बर्फकण वितळून चकतीवर चिकटण्याजोगा होऊ शकतो. जमिनीवर मात्र ही चाचणी थोडक्यात आटोपावी, कारण ही हवा बहुधा गाळणीतून येत नाही आणि आपल्याकडची धूळ सिलिंडर खाऊन टाकते.

मे महिन्यात आणखी एक फसवा प्रकार घडतो, जो या दोन्हींपैकी नाही. सोलापूरचे होटगी रोडवरचे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८३ मीटर उंचीवर आहे. ४२ अंशांच्या दुपारी तिथली हवा इतकी विरळ होते की इंजिन आणि पंख पाच हजार फुटांवर असल्यासारखे वागतात. अशा वेळी इंजिनाची ताकद कमी वाटते, पण ते अडखळत नाही. तिथे सकाळी सातच्या आत उडणे हाच उपाय आहे.

इंजिन निवडतानाच यातल्या बऱ्याच गोष्टी ठरून जातात. लायकॉमिंग या अमेरिकी कंपनीच्या अनेक इंजिनांत कार्बोरेटर तेलाच्या तळटाकीला जोडलेला असल्यामुळे त्याला सतत ऊब मिळते. जुन्या कॉन्टिनेंटल इंजिनांत ती तशी मिळत नाही, आणि म्हणून ती बर्फासाठी जास्त बदनाम आहेत. रोटॅक्स ९१२ ला दोन बिंग कार्बोरेटर असतात. त्यांना गरम पाण्याची ऊब देण्याची सोय करता येते, आणि त्याच्या इंधनव्यवस्थेत टाकीकडे परत जाणारी नळी असावी, जेणेकरून वाफ आणि तापलेले पेट्रोल अडकून न राहता माघारी फिरेल. २०१२ मध्ये आलेल्या ९१२ आयएसमध्ये इंजेक्शन, म्हणजे कार्बोरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारी व्यवस्था, असल्याने कार्बोरेटरचा बर्फ हा विषयच उरत नाही आणि सुमारे तीन बारच्या दाबामुळे पंपापुढे वाफही सहसा होत नाही. परंतु असे इंजिन सर्वस्वी विजेवर अवलंबून असते, त्यामुळे वायरिंगमध्ये हात पक्का नसलेल्याने ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटारीचे इंजिन रूपांतरित करणाऱ्याने हे सगळे स्वतः रचायचे असते. अमेरिकेत प्रमाणित विमानांसाठी जुना दंडक असा होता की, व्हेंचुरी कार्बोरेटर असलेल्या साध्या इंजिनात ७५ टक्के शक्तीवर हवा ५० अंशांनी तापवता आली पाहिजे. स्वतः बांधलेल्या विमानाला तो बंधनकारक नसला तरी वेष्टण तयार झाल्यावर थर्मामीटर लावून तेवढी ऊब मिळते का, हे जरूर मोजावे.

टाकी वरच्या पंखात असेल तर पेट्रोल स्वतःच्या भाराने खाली येते आणि नळीत शोषण राहत नाही. खालच्या पंखातून ओढून घ्यायचे असेल तर विजेचा मदतनीस पंप टाकीजवळ आणि शक्य तितका खाली बसवावा, म्हणजे काउलिंगमधल्या तापलेल्या नळीत दाब राहील. नळी सायलेन्सरपासून दूर न्यावी, तिला मध्येच उंचवटा देऊ नये, काटकोनी वळणे टाळावीत आणि यांत्रिक पंपावर बाहेरच्या गार हवेचा एक झोत सोडावा. गरम हवा कार्बोरेटरसाठी आणि गार हवा पंपासाठी अशा दोन वेगळ्या वाटा असाव्यात. आम्ही सप्टेंबरात जी चूक केली ती एकाच वाटेला दोन्ही कामे सांगण्याची होती.

राहिला प्रश्न पेट्रोलचा, आणि आपला जिल्हा उसाचा असल्यामुळे तो जवळचा आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. विमानाच्या १०० एलएल पेट्रोलचा बाष्पदाब (वाफ होण्याची ओढ दाखवणारा आकडा) ३८ ते ४९ किलोपास्कलमध्ये राखलेला असतो. गाडीच्या पेट्रोलचा सहसा त्याहून जास्त असतो आणि १० टक्क्यांच्या आसपासचे इथेनॉल तो आणखी वाढवते. म्हणजे वेपर लॉकची भीती वाढते. त्याच वेळी इथेनॉलला वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागत असल्यामुळे कार्बोरेटर जास्त गारठतो. एकच डबा दोन्ही संकटे घेऊन येतो. रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंतचेच इथेनॉल मान्य आहे, त्यामुळे पंपावरचे सध्याचे पेट्रोल त्यात भरता येत नाही. पाणी मिसळून इथेनॉल काढण्याचा घरगुती उद्योग मुळीच करू नये; त्याने ऑक्टेन घसरते आणि पाणी मागे राहते. इंडियन ऑइल २०२२ पासून १०० एलएल देशातच तयार करते, ते मिळवावे. मात्र त्यात शिसे असल्यामुळे रोटॅक्सला ते प्रामुख्याने वापरत असाल तर तेल २५ तासांनी बदलावे लागते.

प्रत्येक डब्याची तपासणी दोन मिनिटांत होते. १०० मिलिलिटरच्या काचेच्या नळकांड्यात आधी १० मिलिलिटर पाणी घ्यावे, वरून १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरावे, बूच लावून हलवावे आणि सावलीत ठेवून द्यावे. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. तो २६-२८ वर गेला तर ते २० टक्क्यांचे पेट्रोल आहे. आम्ही हा आकडा तारीख, तापमान, आर्द्रता आणि इंजिन किती मिनिटे बंद होते यांच्यासोबत वहीत लिहितो, आणि इंजिन अडखळले तर काउलिंग उघडण्याआधी इंधनदाब, थ्रॉटलची जागा आणि कार्ब हीटची स्थिती नोंदवून मगच कार्बोरेटरला हात लावतो. हवेत असताना मात्र निदानाला वेळ नसतो: नाक खाली करून घसरणीचा वेग सांभाळायचा, कार्ब हीट पूर्ण ओढायची, विजेचा पंप चालू करायचा, टाकी बदलायची, आणि हे सगळे होत असताना उतरण्याचे शेत निवडून ठेवायचे.