गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं

आमच्या घरी औषधं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. परवा तो डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. अख्खं पाकीट एकच निघालं. बाकी सगळे कात्रीनं कापलेले तुकडे, कुठे चार गोळ्या, कुठे दोन, एक तर एकटीच. निम्म्यांवर एक्सपायरीची तारीख नव्हती. तिघांवर नाव होतं तेही शेपूट तुटलेलं. मेडिकलवाला मागू तेवढ्याच गोळ्या कापून देतो ही आपल्याकडची मोठी सोय आहे, दहाच्या दहा घ्यायला ज्याच्या खिशात पैसे नसतात त्याला तर फारच. पण कात्री चालते ती पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांवरून, आणि ती अक्षरं तिथे येण्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात कोयनेलपासून करावी लागते. हिवतापानं माणसं मरत होती तेव्हा कोयनेल हेच औषध होतं, आणि बाजारात भेसळीचं, नुसत्या पिठाचं कोयनेल सर्रास मिळत होतं. औषधाच्या दर्जाबद्दल देशभर लागू होईल असा एक कायदा तेव्हा नव्हता. ओरड वाढली तशी सरकारनं १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. अहवाल पुढच्याच वर्षी आला. कायदा मात्र १९४० मध्ये झाला आणि त्याचे नियम १९४५ मध्ये. आज पाकिटावर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच नंबर, एक्सपायरी छापली जाते ती याच कायद्याच्या आणि नियमांच्या आधारानं.

यातला बॅच नंबर रुग्णाला सगळ्यात निरुपयोगी वाटतो. बॅच म्हणजे घाणा. चकलीचा एखादा घाणा बिघडला तर तेवढाच बाजूला काढता यावा, अख्खा डबा फेकायची वेळ येऊ नये, इतकीच त्यामागची कल्पना. अमेरिकेत १९३७ मध्ये काय झालं ते पाहिलं की तिचं मोल कळतं. सल्फानिलमाइड हे तेव्हाचं नवं जंतुनाशक औषध. ते पातळ स्वरूपात हवं म्हणून एका कंपनीनं ते डायइथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं, रासबेरीचा स्वाद घातला आणि बाजारात पाठवलं. हे द्रव्य चवीला गोड आणि मूत्रपिंडाला घातक. शंभरावर माणसं दगावली, त्यांत बरीच मुलं होती. सरकारी निरीक्षक दुकानोदुकानी, डॉक्टरांच्या वह्या चाळत, एकेका बाटलीचा माग काढत फिरले. आणि खटला भरायची वेळ आली तेव्हा कलम सापडलं ते एवढंच, की बाटलीवर ‘एलिक्सिर’ लिहिलंय, एलिक्सिरमध्ये अल्कोहोल असायला हवं, यात ते नाही, म्हणून लेबल खोटं. माणसं मेली हा तेव्हाच्या कायद्यात गुन्हाच बसत नव्हता. पुढच्या वर्षी तिथे नवा कायदा आला: औषध सुरक्षित असल्याचं आधी दाखवा, मग विका.

हेच विष एकोणपन्नास वर्षांनी भायखळ्यात पोचलं. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यांचे आणि मेंदूचे काही रुग्ण एकामागून एक मूत्रपिंड निकामी होऊन दगावले. चौदा जण. डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरॉल पाजलं जात होतं. हा नेहमीचाच उपचार. पण त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल होतं. औषधासाठीचं शुद्ध ग्लिसरीन आणि कारखान्यातलं ग्लिसरीन दिसायला सारखंच, पाण्यासारखं, घट्टसर, गोड. फरक किमतीत असतो आणि प्रयोगशाळेत दिसतो.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाचं कामकाज तेव्हा मुंबईची वर्तमानपत्रं रोज छापत होती. १९८७ मध्ये अहवाल आला. एका पुरवठादारावर बोट ठेवून आयोग थांबला नाही. खरेदी कशी होते, परवाने कसे मिळतात, अन्न व औषध प्रशासनात काय चालतं, वरून दबाव कसा येतो, सगळं त्यानं उघडं केलं. औषधाच्या सुरक्षिततेबद्दल आपल्याकडे जे काही लिहिलं गेलंय त्यात मला हा अहवाल सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो बाटलीचा प्रवास उलट्या दिशेनं करतो: खाटेपासून वॉर्डाच्या कपाटाकडे, तिथून भांडाराकडे, मग निविदेकडे आणि शेवटी सहीकडे. १९८८ मध्ये औषधनिर्मितीच्या चांगल्या पद्धतींचे नियम ‘शेड्यूल एम’ म्हणून लागू झाले.

इतकं होऊनही २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली मुलं नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. साधा सर्दी-खोकला, त्यावर एक सिरप, आणि काही दिवसांत लघवी बंद. वीसहून जास्त मुलं गेली. तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपच्या तपासणीत डायइथिलिन ग्लायकॉल ४८.६ टक्के सापडलं. मर्यादा आहे ०.१ टक्का. तेच द्रव्य आणि तीच लक्षणं. आईबापांना लेबल वाचून यातलं काहीही कळलं नसतं, हे कबूल करायला हवं. त्यांच्या हाती दोनच गोष्टी उरतात. पहिली, लहानग्यांचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो आणि त्याला सिरप लागतंच असं नाही, हे माहीत असणं. चार वर्षांखालच्या मुलांना सर्दीच्या सिरपमधली क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही जोडी देऊ नये, असं लेबलवर छापायचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्येच काढला होता. दुसरी, कुठलंही औषध चालू असताना मुलाची लघवी कमी झाली तर ‘पाणी कमी प्यायला असेल’ म्हणून वाट न बघता बाटलीसकट रुग्णालय गाठणं. बाटलीसकट, कारण बॅच नंबर तिच्यावर असतो.

पाकिटावरच्या लाल रेघेची गोष्ट वेगळी. तिथे औषध चांगलंच असतं, वापर बिघडलेला असतो. चिठ्ठीशिवाय विकू नये अशा औषधांची यादी, ‘शेड्यूल एच’, नियमांत जुनी आहे. पाकिटावर आरएक्स (Rx) ही चिठ्ठीची खूण असते, खाली इशारा असतो, तोही बहुतेक वेळा इंग्रजीत आणि मुंगीएवढा. पाळायचं कोणी? ‘मागच्या वेळी डॉक्टरांनी दिलेली तीच द्या’ असं म्हणून तीन दिवसांचं अँटिबायोटिक घेऊन जाणारे आपणच. बरं वाटलं की दोन गोळ्या डब्यात. माझ्या डब्यातले चार तुकडे तसलेच निघाले.

चिठ्ठी असली म्हणजे झालं, असंही नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईतल्या धारावी भागातल्या शंभर खासगी डॉक्टरांना क्षयरोगावर काय औषधं द्याल असं विचारलं गेलं. उत्तरं आली ऐंशी तऱ्हेची. वीस वर्षांनी त्याच शहरातल्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आमच्याकडे असे क्षयरोगी आलेत ज्यांच्यावर तपासलेलं एकही औषध चालत नाही, आणि त्याला ‘पूर्णपणे औषधरोधक’ क्षयरोग म्हटलं. सरकारनं त्या नावावर हरकत घेतली. रुग्ण मात्र खरे होते. त्याआधी जंतूंना अँटिबायोटिक्सपासून वाचवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) नवी दिल्लीचं नाव दिलं गेलं, आणि २०१० मध्ये आपल्याकडे राग आला तोही आधी नावाचाच. पण त्या गदारोळातूनच २०११ चं राष्ट्रीय धोरण आलं आणि १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच१’ लागू झालं. त्यात तेव्हा ४६ औषधं: वरच्या पिढीतली अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं, शिवाय अल्प्राझोलाम, ट्रामाडॉलसारखी सवय लावणारी. यातलं काही विकलं की दुकानदारानं डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. ज्याला अक्षरं वाचता येत नाहीत त्यालाही कळावं म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१६ मध्ये लाल रेघेची मोहीम काढली: पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

पॅरासिटामॉलच्या आकड्यांकडेही एकदा पाहा. तापाच्या गोळीवर ५०० किंवा ६५०, पण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मिश्र वेदनाशामक गोळीत बहुधा ३२५ असतं. हा योगायोग नाही. यकृताला इजा होण्याच्या भीतीनं २०११ मध्ये अशा मिश्रणांत ३२५ ची मर्यादा घातली गेली. अडचण अशी, की कंबरेची गोळी, सर्दीची गोळी आणि तापाची गोळी तीन वेगळ्या नावांनी घरात येतात आणि तिघींच्या पोटात पॅरासिटामॉल असू शकतं. ब्रँडचं नाव मोठं छापलेलं असतं, घटक खाली बारीक. वाचायचं ते खालचं.

आता पावडरी, कॅप्सूल, गमी आणि ‘पॉवरच्या गोळ्या’. दुकान तेच, काउंटर तोच, पण कायदा वेगळा. भारतात फूड सप्लिमेंटसाठीचे नियम २०१६ च्या अखेरीस निघाले आणि २०१८ पासून लागू झाले. ओळखायची खूण सोपी आहे: डब्यावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असेल तर कायद्याच्या लेखी ते अन्न आहे, औषध नाही. तसं त्यावर छापावंही लागतं, की हे औषधी वापरासाठी नाही. गुडघ्यासाठी म्हणून घेतलेल्या डब्यावर हे वाक्य वाचून माझी मावशी म्हणाली, ‘मग मी काय खाऊ म्हणून घेतेय का?’ कायद्याप्रमाणे हो, मावशी, खाऊच.

अन्न म्हटलं म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात, असा इशारा अमेरिकी नियामकांनी २०१७ मध्ये दिला. कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीसोबत घेतली तर दुसरीचा गुण कमी होतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊन फारसा उपयोग नाही. पपनसाचा भाऊबंद असलेल्या ग्रेपफ्रूटचा रस रक्तदाबाच्या एका औषधाचं रक्तातलं प्रमाण कितीतरी वाढवतो, हा शोध १९८९ मध्ये कॅनडात निव्वळ अपघातानं लागला: प्रयोगात दारूची चव झाकायला तो रस वापरला होता.

आयुर्वेदिक औषधांचा दरवाजा तिसराच. १९६४ च्या दुरुस्तीनं ती औषध कायद्यात आली. बचनाग, धोत्रा, बिब्बा, गुंज, पारा, हिंगूळ अशा द्रव्यांची वेगळी यादी आहे आणि ती ज्यात आहेत त्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा इंग्रजी आणि हिंदीत छापावा लागतो. वैद्यांना हे धोके पूर्वीपासून ठाऊक होते, म्हणून तर शोधनाचे, म्हणजे द्रव्यातला विषारीपणा घालवण्याचे, इतके सोपस्कार. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू सापडले. त्यानंतर आपल्याकडे १ जानेवारी २००६ पासून वनस्पतिजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची झाली, ती आधी निर्यातीच्या मालासाठी. म्हणजे काळजी पहिल्यांदा बॉस्टनच्या गिऱ्हाइकाची.

कोविडच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघर उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही म्हणून आक्षेप घेतला. हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: ‘कोणती औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाला उत्तर देताना काढा कोणाच्या ध्यानातच येत नाही.

गर्भवतींना मळमळीवर दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधानं हजारो बाळं अपंग जन्मली तेव्हा, १९६१ मध्ये, जगाला कळलं की औषध बाजारात आल्यानंतरही त्यावर नजर ठेवावी लागते. आपल्याकडे अशी नजर ठेवण्याच्या २००४ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुंबईचं केईएम रुग्णालय हे दोन विभागीय केंद्रांपैकी एक होतं. सध्याचा कार्यक्रम २०१० पासूनचा, आणि २०११ पासून तो गाझियाबादहून चालतो. औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्णही फोन करू शकतो. रुग्णासाठीच्या छापील फॉर्ममध्ये औषध कोणी सुचवलं यासाठी पर्याय दिलेत: डॉक्टर, फार्मासिस्ट, मित्र किंवा नातेवाईक, स्वतः. त्याच फॉर्ममध्ये एक्सपायरीच्या तारखेचाही रकाना आहे. माझ्या डब्यातल्या निम्म्या गोळ्यांसाठी तो कोराच ठेवावा लागेल. तारखेचा तुकडा मेडिकलच्या कचऱ्यात गेला.