तीळ जाळणारा तांदूळ

तीळ आणि चामखीळ घालवणारी ‘शंभर टक्के हर्बल’ मलमं ऑनलाइन सर्रास विकली जातात. जुन्या वैद्यकातलं म्हणजे सौम्यच, ही समजूत त्यामागे असते. चिनी वैद्यकातलं एक मलम पाहिलं की ती टिकत नाही.

वारा आणि रक्त यांच्या झगड्यातून काळा तीळ उपजतो, असं चिनी वैद्य छाओ युआनफांग यांनी सातव्या शतकात लिहिलं. कारण चुकलं, पण पुढच्या वैद्यांचा उपाय जालीम होता. १७४२ च्या ‘ईत्सोंग चिनच्येन’ या दरबारी ग्रंथात ‘स्फटिक मलम’ आहे. विरवलेल्या चुन्यावर दोन बोटं चढेल इतकं दाट क्षाराचं पाणी ओतायचं, त्यात चिकट तांदळाचे दाणे दिवसरात्र भिजवायचे, थंडीत जास्त वेळ. मग दाणे वाटून सुईने उकरलेल्या तिळावर किंचित लावायचे. जास्त लावल्यास चांगलं मांस दुखावेल, हा इशाराही तिथेच आहे.

यातली रासायनिक क्रिया मला फार आवडते. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, क्षार म्हणजे मुख्यतः कार्बोनेट. दोघांची अदलाबदल होते. कॅल्शियम कार्बोनेट अविद्राव्य असल्यामुळे तळाशी बसतं आणि वर उरतो कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश. हा तीव्र अल्क (अल्कली) तांदळाच्या स्टार्चमधल्या हायड्रॉक्सिल गटांचे प्रोटॉन काढून घेतो. ऋणभारित साखळ्या एकमेकींना दूर लोटतात, हायड्रोजन बंध तुटतात, दाणा फुगून पारदर्शक होतो. नाव पडलं ते त्यावरून. हा चिकट गोळा अल्काला एका जागी धरून ठेवतो. त्वचेवर आम्ल पडलं तर प्रथिनं साकळतात आणि तो थर आम्लाला बऱ्याच अंशी अडवतो. अल्क मात्र चरबीचा साबण करत, प्रथिनं विरघळवत खोल उतरत जातो.

तीन-चार दिवसांत खपली पडते. या काळात सोया सॉस आणि व्हिनेगर वर्ज्य. सोया सॉसने डाग काळा पडतो हा समज चीनमध्ये आजही आहे, पण तो निराधार आहे. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन त्वचेतल्याच पेशी टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनवतात.

आपल्याकडेही चामखिळीवर चुना आणि सोडा लावतात. कृपा करून लावू नका. तिळाच्या पेशींचे पुंजके त्वचेत खोलवर असू शकतात. वरचा भाग जळला तरी खालून रंग परत येतो, आणि असा परतलेला तीळ सूक्ष्मदर्शकाखाली मेलॅनोमासारखा, म्हणजे त्वचेच्या एका घातक कर्करोगासारखा, दिसू शकतो. तो मुळातच मेलॅनोमा असेल, तर तपासायला ऊतीच उरत नाही. वाढणारा, रंग बदलणारा, वेड्यावाकड्या कडांचा तीळ त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तळपाय आणि नखाखालचे डागही पाहा, कारण आशियाई लोकांत मेलॅनोमा बऱ्याचदा तिथेच होतो.