धोकादायक घरगुती मालाचं मिश्र पॅकिंग

दुकानात सहज मिळणारा पण पेट घेणारा, कातडी भाजणारा, विषारी किंवा दाबाखाली भरलेला माल, म्हणजे थिनर, टॉयलेटचं ऍसिड, ब्लीचिंग पावडर, डिओचे स्प्रे, लायटर, फवारणीची औषधं, लिथियम बॅटऱ्या वगैरे, यातले दोन किंवा जास्त प्रकार एकाच बाहेरच्या खोक्यात भरून पाठवणं म्हणजे मिश्र पॅकिंग. रस्ता, रेल्वे, जहाज, विमान आणि पोस्ट यांचे नियम वेगवेगळे असले तरी आजची बहुतेक चौकट संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींवर उभी आहे. कव्हरच्या रंगामुळे त्यांना ऑरेंज बुक म्हणतात, त्या पहिल्यांदा १९५६ मध्ये आल्या आणि १९९६ पासून नमुना नियमावलीच्या रूपात आहेत. स्फोटकं, वायू, ज्वलनशील द्रव, ज्वलनशील घन, ऑक्सिडायझर म्हणजे आगीला ऑक्सिजन पुरवणारे, विषारी, किरणोत्सर्गी, ऍसिड-अल्कलीसारखे भाजणारे आणि उरलेले असे नऊ वर्ग, प्रत्येक मालाला चार आकडी यूएन नंबर आणि धोक्याच्या तीव्रतेप्रमाणे पॅकिंग गट एक (सगळ्यात धोकादायक), दोन, तीन, एवढं माहीत असेल तर पुढचं समजायला अडचण नाही. खान्देशात हा विषय महत्त्वाचा आहे कारण इथं ऍसिड, क्लोरीन, नायट्रेट खत आणि गंधक हे सगळं एकाच कृषी सेवा केंद्रातून, एकाच टेम्पोत, पुष्कळदा एकाच गोणीत शेतावर जातं.

मूळ

कशाच्या शेजारी काय ठेवू नये ही कल्पना कायद्यात कुठून आली याबद्दल मांडणीचे दोन ओढे दिसतात. पहिला ओढा स्फोटकांपासून सुरुवात करतो, म्हणजे ब्रिटनचा १८७५ चा स्फोटक कायदा आणि त्याच्यामागून हिंदुस्थानात आलेला १८८४ चा कायदा, कारण बारूद आणि ती पेटवणारी वस्तू एकत्र ठेवायची नाही ही शिस्त खाणी आणि दारूगोळ्याच्या कोठारांत आधीपासून होती. दुसरा ओढा रेल्वेकडे बोट दाखवतो. १८९० मध्ये बर्नला युरोपातल्या रेल्वे मालवाहतुकीचा करार झाला, तो १८९३ पासून लागू झाला, आणि कोणता माल कुठल्या अटींवर स्वीकारायचा याची यादी त्याला जोडलेली होती, तिचंच पुढे वाढत वाढत आजचं युरोपीय रेल्वे नियमपुस्तक झालं. खोक्याच्या आतल्या शेजाराबद्दल बोलायचं तर हा दुसरा ओढा जास्त पटतो, कारण स्फोटकांच्या कायद्याचा मुख्य प्रश्न कोठार आणि अंतर हा होता, आणि एका पेटीत दहा जिनसा भरून आणलेल्या गिऱ्हाइकाला हो म्हणायचं की नाही हा प्रश्न रेल्वेच्या पार्सल ऑफिसातच रोज पडायचा. घरगुती मालाला सवलत देण्याची कल्पना मात्र बरीच अलीकडची आहे, अमेरिकेत साधारण १९७० च्या दशकात ओआरएम-डी नावाचा गट त्यासाठी आला आणि २०२० च्या शेवटी तो बंद होऊन त्याची जागा मर्यादित प्रमाण या आंतरराष्ट्रीय पद्धतीने घेतली.

जहाजाचा धागा तिसरा, आणि महाराष्ट्राला तो जवळचा आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि त्यांच्याच जोडीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी आणि वंगणाच्या तेलाची पिंपं होती, आग कापसात लागली आणि स्फोटकांपर्यंत पोचली. ज्या जिल्ह्यांमधून कापूस गाठी बांधून बाहेर जातो तिथल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको, तेल लागलेली रुई आपोआप तापते आणि ओल्या कापसालासुद्धा आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःचा नंबर आहे, यूएन १३६५. समुद्री वाहतुकीचा आयएमडीजी कोड १९६५ मध्ये आला.

विमानाच्या बाबतीत ३ नोव्हेंबर १९७३ चा बोस्टनचा अपघात नेहमी सांगितला जातो आणि तो सांगायलाच हवा, कारण त्यात दोष शेजारच्या मालाइतकाच भरावाचा होता. पॅन ऍमच्या मालवाहू बोइंग ७०७ मध्ये नायट्रिक ऍसिडच्या काचेच्या बाटल्या लाकडी पेट्यांत, भोवती लाकडाचा भुसा भरून ठेवल्या होत्या. ऍसिड गळलं, भुशात मुरलं, भुसा तापून धुमसायला लागला, कॉकपिट धुराने भरलं आणि तिघंही कर्मचारी गेले. म्हणजे मिश्र पॅकिंगचा विचार करताना पेंढा, भुसा, रद्दी, जुनी रुई यांनाही माल म्हणूनच मोजावं लागतं. नागरी विमान वाहतुकीच्या कराराचं धोकादायक मालाबद्दलचं अठरावं परिशिष्ट १९८१ मध्ये स्वीकारलं गेलं.

चार कसोट्या

सगळ्या नियमपुस्तकांत थोड्याफार फरकाने येणारं कलम नमुना नियमावलीच्या ४.१.१.६ मध्ये आहे. दोन जिनसा एकमेकींत मिसळल्या तर आग लागेल किंवा बरीच उष्णता निघेल का, पेट घेणारा, विषारी किंवा गुदमरवणारा वायू निघेल का, भाजणारं काही तयार होईल का, अस्थिर काही तयार होईल का. यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर त्या एका बाहेरच्या खोक्यात भरायच्या नाहीत. इथं बाटल्या नीट बंद आहेत हे उत्तर चालत नाही, गळतील असं धरूनच विचार करायचा.

याचं खान्देशातलं सगळ्यात नेहमीचं उदाहरण ठिबकचं आहे. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात ठिबकच्या नळ्या क्षारांनी तुंबल्या की ऍसिड सोडतात आणि शेवाळ धरलं की क्लोरीन सोडतात, दोन्ही शिफारशी बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या वेळी करायच्या आहेत. शेतकरी मात्र सामान एकदाच घेतो. ३३-३५ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ऍसिड, यूएन १७८९, वर्ग ८, आणि ब्लीचिंग पावडर, यूएन २२०८, वर्ग ५.१ म्हणजे ऑक्सिडायझर, ही एकाच गोणीत येतात. आता त्या गोणीकडे जवळून बघा. ऍसिडच्या प्लास्टिक कॅनचं झाकण आडवं झाल्यावर पाझरतं, आधी फक्त आट्यांमध्ये ओलसरपणा दिसतो आणि नाकाला झोंबतं, ब्लीचिंगची पिशवी साध्या पॉलिथिनची आणि तिची शिवण कोपऱ्यात उसवलेली, दोन्हीची गाठ पडली की क्लोरीन. हा वायू हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड आहे, त्यामुळे तो वर उडून न जाता टेम्पोच्या हौद्यात तळाशी साचतो, आणि मालाबरोबर हमाल किंवा घरचा पोरगा बसलेला असतो तो तिथंच. कसोटी क्रमांक दोनमध्ये हे स्पष्टपणे नापास आहे आणि एवढी एक जोडी जरी दुकानदारांनी वेगळी द्यायला सुरुवात केली तरी फार मोठं काम होईल.

दुसरी जोडी खतांची. ठिबकमधून देतात ते १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, यूएन १४८६, ऑक्सिडायझर. त्याच बिलात गंधकाची भुकटी असते, यूएन १३५०, वर्ग ४.१ म्हणजे ज्वलनशील घन. कोळसा सोडला तर बंदुकीच्या दारूचे दोन घटक इथं झाले. नुसते शेजारी ठेवल्याने ते पेटत नाहीत हेही खरं, पण कुठूनही आग लागली तर नायट्रेट तिला ऑक्सिजन पुरवतं आणि मग वरून पोतं टाकून ती विझत नाही. गंधकाच्या बाबतीत एक बारीक तपशील आहे जो व्यापाऱ्यांमध्ये वादाचा होतो: दाणे, गोळ्या, पापड्या अशा ठराविक आकारात घडवलेलं गंधक नमुना नियमावलीच्या विशेष तरतूद २४२ प्रमाणे धोकादायक मालातून वगळलेलं आहे, भुकटी वगळलेली नाही. म्हणून पिशवीवर नुसतं गंधक लिहिलंय यावरून काहीच ठरत नाही, आतला माल कसा आहे ते बघावं लागतं. वाहतुकीत घासून घासून दाण्याची पूड होते, तेव्हा सवलत मिळालेला मालसुद्धा नायट्रेटपासून लांब ठेवलेला बरा.

केळी पिकवायला कार्बाइड वापरायला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहेच, पण पॅकिंगच्या बाजूनेही कॅल्शियम कार्बाइड, यूएन १४०२, वर्ग ४.३, हे पाणी लागलं की ऍसिटिलीन सोडतं, त्यामुळे ओलसर फळांच्या गाडीत त्याच्या पुड्या ठेवणं दोन्हीकडून चूक.

मर्यादित प्रमाण आणि क्यू-मूल्य

किरकोळ विक्रीच्या छोट्या बाटल्यांना सवलत मिळते ती मर्यादित प्रमाणाची. पॅकिंग गट दोनच्या ज्वलनशील द्रवाची आतली बाटली १ लिटरपर्यंत, गट तीनची ५ लिटरपर्यंत, आणि भरलेला खोका एकूण ३० किलोच्या आत, नुसत्या प्लास्टिक रॅपमध्ये गुंडाळलेला ट्रे असेल तर २० किलो. खोक्यावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, वरचा आणि खालचा कोपरा काळा, मध्ये पांढरं, आणि विमानासाठी असेल तर त्या पांढऱ्या भागात वाय हे अक्षर. या सवलतीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. समुद्री कोडात मर्यादित प्रमाणाच्या खोक्यांना एकमेकांपासून लांब ठेवण्याचे नियम लागत नाहीत, ते बघून लोकांना वाटतं की खोक्याच्या आतही काहीही भरलं तर चालतं. तसं नाहीये. सवलत दोन खोक्यांमधल्या अंतराला आहे, एका खोक्यातल्या दोन बाटल्यांना नाही, तिथं वरच्या चार कसोट्या तशाच लागू राहतात.

विमानात आणखी एक हिशेब करावा लागतो. प्रत्येक मालाचं खोक्यातलं प्रमाण भागिले त्या मालाची एका खोक्याची कमाल मर्यादा, अशा सगळ्या भागाकारांची बेरीज १ च्या वर जाता कामा नये, हे क्यू-मूल्य. उदाहरणार्थ प्रवासी विमानात रंगाची मर्यादा गट दोनला ५ लिटर आणि गट तीनला ६० लिटर आहे. गट दोनचा २ लिटर म्हणजे ०.४, गट तीनचा ३० लिटर म्हणजे ०.५, बेरीज ०.९, चालेल. गट दोनचा एकच लिटर वाढवला की ०.६ आणि ०.५ मिळून १.१ होतात आणि खोका परत येतो, जरी दोन्ही रंग आपापल्या मर्यादेत असले तरी. जळगावहून रस्त्याने मुंबईला जाऊन तिथं विमानात चढणाऱ्या पार्सलचं हे गणित जळगावातच, खोका भरताना व्हायला हवं. शिवाय मर्यादित प्रमाणाच्या खोक्याला विमानासाठी १.२ मीटरवरून पडण्याची आणि ३ मीटर उंचीच्या थप्पीचं वजन २४ तास सोसण्याची क्षमता लागते, आणि द्रवाच्या आतल्या बाटल्या साधारणपणे ९५ किलोपास्कल दाबफरकाला टिकाव्या लागतात.

उन्हाळा

नियमांत हवामानाचा उल्लेख जेवढ्यास तेवढा आहे, पण खान्देशात त्याला महत्त्व द्यावंच लागतं. एरोसोलच्या डब्यावर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला सावलीतलं तापमान ४५ च्या आसपास जातं, ताडपत्री बांधून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते ५० ओलांडतं. हायपोक्लोराइटचं ब्लीच उष्णतेने लवकर विघटित होतं, ऑक्सिजन सुटतो आणि बाटली तट्ट फुगते, अशा बाटलीशेजारी थिनर भरणं टाळायचं. एरोसोलचा पत्रा ऍसिडच्या वाफेने गंजतो ही जोडीही उन्हाळ्यातच जास्त बिघडते.

भारतातले कायदे

रस्त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे नियम १२९ ते १३७ आहेत. त्यांचा भर गाडी, ड्रायव्हर आणि पाटीवर आहे: वर्गाचं लेबल, दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीची पाटी, ड्रायव्हरला लेखी सूचना. नियम ९ प्रमाणे ड्रायव्हरचं तीन दिवसांचं प्रशिक्षण लागतं. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे टँकर आणि पाट्या लोकांनी पाहिलेल्या असतात, छोट्या हत्तीत मात्र पाटी दिसणं दुर्मिळ.

कीटकनाशकांना १९६८ चा कायदा आणि १९७१ चे नियम. लेबलवरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणांची सवय इथल्या कापूसवाल्यांना आहे. त्याच नियमांत कीटकनाशक खाण्याच्या वस्तू किंवा जनावरांच्या खाद्याला लागेल अशा तऱ्हेने न्यायचं नाही असं स्पष्ट आहे, म्हणजे औषधाची बाटली सरकी पेंडीच्या पोत्यात खोचून नेणं हा सरळ नियमभंग आहे.

रेल्वेत १९८९ च्या कायद्याचं कलम ६७ लेखी सूचना आणि बाहेरून ठळक खूण मागतं, आणि कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पॅकिंगच्या अटी रेड टॅरिफ या रेल्वेच्या धोकादायक मालाच्या नियमपुस्तकात आहेत. विमानासाठी २००३ चे नियम. पोस्टाने धोकादायक पदार्थ पाठवायला १८९८ च्या कायद्याच्या कलम १९ ने मनाई होती, आता त्या कायद्याच्या जागी २०२३ चा डाकघर कायदा आहे.

बिल्टी

रस्त्याने जाणाऱ्या मिश्र खोक्याचा एकमेव कागद बहुतेक वेळा बिल्टी असतो आणि तिच्यावर किराणा किंवा जनरल माल एवढंच लिहिलेलं असतं. नियम १३१ प्रमाणे माल काय आहे हे ट्रान्सपोर्टवाल्याला कळवायची जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे. बिल्टीवर मालाचं नाव, यूएन नंबर आणि वर्ग लिहिला, प्रत्येक विसंगत जोडी वेगळ्या खोक्यात घालून दोन्ही खोक्यांवर तसं नोंदवलं आणि द्रव असेल तर खोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना वर दाखवणारे बाण काढले, तर गोदामात थप्पी लावणाऱ्या हमालाला कोणता खोका कुठं आणि कसा ठेवायचा ते न विचारता कळतं.