पासगट शिरस्त्राण

पासगट हे अमेरिकी सैन्याचे, केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याचे लढाऊ शिरस्त्राण. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पायदळाच्या डोक्यावर आले आणि सुमारे वीस वर्षे टिकले. ‘पर्सोनेल आर्मर सिस्टीम फॉर ग्राउंड ट्रूप्स’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून पासगट हा शब्द झाला. त्याच नावाचे अंगात घालायचे कवचही शिरस्त्राणासोबत मिळे. सैनिकांच्या तोंडी मात्र ‘के-पॉट’ किंवा नुसते ‘केव्हलार’ एवढेच असे. कानांवर उतरलेली आणि मानेकडे फाकलेली कड पाहून दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकाची आठवण होई, म्हणून ‘फ्रिट्झ’ (जर्मन शिपायाचे टोपणनाव) हेही नाव पडले. आज जगभरच्या फौजांत दिसणारी बरीचशी शिरस्त्राणे याच वळणाची आहेत.

लढाऊ शिरस्त्राण म्हटले की रायफलची गोळी अडवणारी टोपी, अशी सर्वसाधारण समजूत असते. पासगट त्यासाठी बनवलेलेच नव्हते. ते होते फुटलेल्या तोफगोळ्याच्या, बॉम्बच्या आणि हातगोळ्याच्या तुकड्यांसाठी. हे समजून घ्यायला पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जावे लागते. १९१४ साली फ्रेंच शिपाई कापडी टोपी घालून लढायला गेला. खंदकात उभ्या माणसाचे डोके तेवढे वर राहते, आणि गोळा फुटायचा तो नेमका डोक्यावर. जखमा पाहून फ्रेंचांनी आधी टोपीच्या आत घालायची लोखंडी वाटी दिली, आणि १९१५ मध्ये ऑगस्त-लुई आद्रियाँ या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाणारे पोलादी शिरस्त्राण आले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये जॉन ब्रोडीने पालथ्या थाळीसारखे शिरस्त्राण तयार केले. जर्मनांचे १९१६ चे शिरस्त्राण फ्रीडरिख श्व्हेर्टने आखले. कान आणि मान झाकण्याच्या बाबतीत तेच सर्वांत सरस होते, आणि सहा दशकांनी अमेरिकी संशोधक फिरून त्याच आकारापाशी आले. शत्रूच्या टोपीसारखी दिसते म्हणून नाके मुरडली गेली, पण डोक्याच्या रक्षणासाठी तो आकारच योग्य होता.

पासगटच्या आधी अमेरिकेकडे होते ‘एम-१’. मँगनीजयुक्त पोलादाचे हे शिरस्त्राण १९४१ मध्ये स्वीकारले गेले आणि व्हिएतनाम युद्ध संपल्यावरही वापरात राहिले. एकट्या दुसऱ्या महायुद्धात त्याचे दोन कोटींहून अधिक नग निघाले. बाहेर पोलादी टोप, आत सुटा निघणारा हलका टोप, अशी त्याची दुहेरी रचना. त्यामुळे पोलादी भाग काढून शिपाई त्यात पाणी तापवत, दाढी करत, मोजे धूत, वेळ पडल्यास त्याने मातीही उपसत. तापवल्याने पोलादाचा कणखरपणा उतरतो म्हणून त्याला मनाई होती, तरी ती फारशी कुणी पाळली नाही. मोठ्या डोक्याला आणि लहान डोक्याला टोप मात्र एकाच मापाचा. धावताना तो हिंदकळे, पालथे पडले की नाकावर येई. स्फोटाचा झोत टोपात शिरून पट्ट्यासकट मान मोडेल, या भीतीने कित्येक जण हनुवटीचा पट्टा बांधतच नसत. मग ऐन गरजेच्या क्षणी टोप डोक्यावरून उडून जाई.

बदल घडला तो कापडातून. १९६५ मध्ये ड्युपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी केलेल्या शोधातून केव्हलार हा धागा पुढे आला. वजनाच्या मानाने तो पोलादाच्या कित्येक पट ताण सोसतो. मॅसॅच्युसेट्समधील नेटिक येथील लष्करी प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात त्याचे शिरस्त्राण घडवायचे काम चालले. केव्हलारच्या कापडाला राळ लावायची, पवनचक्रीच्या पात्यांसारखे कापलेले त्याचे एकोणीस थर एकमेकांवर रचायचे आणि तापलेल्या साच्यात दाबायचे, की टणक कवच तयार होते. धारदार तुकडा त्यावर आदळला की धागे ताणले जातात, थर एकमेकांपासून सुटतात आणि आघाताची ताकद एका बिंदूवरून आजूबाजूला पसरते. पोलाद वाकते किंवा फाटते, तर हे कापड तुकड्याला ओढून धरते.

चाचणीचे माप ‘व्ही-५०’ म्हणून ओळखले जाते. ठरावीक वजनाचे तुकडे झाडायचे आणि ज्या वेगाला निम्मे अडतात, निम्मे आरपार जातात तो वेग नोंदवायचा. सुमारे १.१ ग्रॅमच्या तुकड्यासाठी पासगटला सेकंदाला ६१० मीटरची अट होती. केव्हलारचे म्हणजे हलके, असे वाटते खरे, पण मापाप्रमाणे पासगटचे वजन १.४ ते १.९ किलो भरे आणि एम-१ साधारण १.३ किलोचे होते. वजन कमी झाले नाही, उलट थोडे वाढलेच. पण संरक्षण बरेच वाढले आणि झाकलेला भागही वाढला.

माझ्या मते पासगटमधली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कवच आणि कवटी यांच्यामधली मोकळी जागा, सुमारे तेरा मिलिमीटर. तुकडा अडला तरी कवचाला आतून फुगवटा येतो. तो फुगवटा थेट हाडाला भिडला तर आरपार न जाताही डोके फुटते. म्हणून कवच आतल्या पट्ट्यांच्या जाळीवर डोक्यापासून दूर तोलून धरले जाते. हे अंतर सगळीकडे सारखे राहायचे तर एक माप चालणार नाही, म्हणून सैनिकांच्या डोक्यांची मापे घेऊन वेगवेगळे आकार ठरवण्यात आले. यात पाणी मात्र तापवता येत नसे. राळ आणि धागा दोन्ही आगीपुढे निकामी. दाढीचे पाणी दुसऱ्या भांड्यात गेले.

पासगटची पहिली लढाई ऑक्टोबर १९८३ मधली, ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावरची. ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या छत्रीधारी सैनिकांच्या डोक्यांवर नवे शिरस्त्राण होते, तर रेंजर्स या खास पायदळाकडे तेव्हाही एम-१ होते. पुढे १९८९ मध्ये पनामा, १९९१ मध्ये आखाती युद्ध, १९९३ मध्ये सोमालिया, असा त्याचा प्रवास झाला. वर चट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची खोळ, तिच्याभोवती लवचीक पट्टा आणि पट्ट्यावर मागे अंधारात चमकणाऱ्या दोन लहान चौकटी. रात्री रांगेत चालताना मागच्याने त्यांच्याकडे पाहून पाऊल टाकायचे. त्यांना ‘कॅट आइज’ म्हणत.

दोष वापरातून कळले. शिपाई पालथा पडून नेम धरू लागला की अंगातल्या कवचाची कॉलर शिरस्त्राणाची मागची कड वर ढकले आणि पुढची कड डोळ्यांवर येई. म्हणजे ज्या क्षणी दिसायला हवे त्याच क्षणी दिसत नसे. कान झाकले गेल्याने हेडसेट घालणे अवघड होई. पट्ट्यांची जाळी स्फोटाचा हादरा आणि वाहनाच्या छताची ठोकर नीट पचवत नसे, आणि इराकमध्ये रस्त्याकडेच्या बॉम्बस्फोटांनी मेंदूच्या दुखापती वाढल्या तेव्हा हे फार जाणवले. नौदलातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांनी ‘ऑपरेशन हेल्मेट’ नावाने वर्गणी जमवून शिपायांना शिरस्त्राणात बसवायच्या गाद्या पाठवायला सुरुवात केली. २००६ मध्ये हा विषय अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे गेला.

कापडाच्या विणीवरही वाद झाला. चौरस इंचाला उभे-आडवे ३५ बाय ३५ धागे, अशी अट होती. एका पुरवठादाराने त्याहून विरळ कापड विणल्याची तक्रार त्याच्याच कर्मचाऱ्यांनी केली. पुरवठादाराने आरोप नाकारला, पण २००८ मध्ये सुमारे २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. एकदोन धाग्यांचा फरक डोळ्याला दिसत नाही. शिपाई शिरस्त्राण घालतो तो विणणाऱ्याच्या भरवशावर, म्हणून ही बाब मला क्षुल्लक वाटत नाही.

२००० नंतर ‘एसीएच’ (अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्बॅट हेल्मेट) या नव्या शिरस्त्राणाने अमेरिकी भूदलात पासगटची जागा घेतली. त्याची कड वर उचलली, कान मोकळे केले, आत गाद्या घातल्या, हनुवटीचा पट्टा चार जागी जोडला. झाकलेला भाग थोडा घटला, पण नेम धरता येऊ लागला. त्यानंतरच्या शिरस्त्राणांत केव्हलारऐवजी पॉलिएथिलीन हे विशेष प्रकारचे प्लास्टिक आले. नौदलाच्या जहाजांवर पासगट पुढेही राहिले.

भारतीय सैन्याचा मार्ग वेगळा होता. काश्मीरमधल्या चकमकींत धोका तोफगोळ्याचा कमी आणि जवळून सुटणाऱ्या एके-४७ च्या गोळीचा जास्त. म्हणून ‘पटका’ वापरात आला. कपाळ आणि डोक्याची मागची बाजू झाकणारा हा जाड पोलादी पट्टा अडीच किलोहून जड, आणि टाळू उघडी. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांनी उभी केलेल्या ४१ राष्ट्रीय रायफल्ससारख्या पलटणींनी तोच बांधून कुपवाड्याची जंगले पालथी घातली. पूर्ण डोके झाकणाऱ्या नव्या शिरस्त्राणांची मोठी मागणी भारतीय सैन्याने त्यानंतर कानपूरच्या एमकेयू कंपनीकडे नोंदवली, १ लाख ५८ हजारांची. जवळून झाडलेली नऊ मिलिमीटरची गोळी अडवणे ही त्यांची अट होती.